दोन टक्के हिश्शाचे गाजर

पुण्यातील बाणेर असो, मुंबईतील पवई असो किंवा बंगळुरूतील कोरमंगला. नव्याने उभ्या राहणाऱ्या कंपन्यांच्या दोन खोल्यांच्या कार्यालयांत एका विषयावरची बोलणी हमखास होतात. एका बाजूला संस्थापक असतो. त्याच्या हाती एखादी कल्पना आणि बँकेत जेमतेम सहा महिने पुरेल एवढी रक्कम असते. दुसऱ्या बाजूला एखादा अनुभवी संगणक अभियंता असतो. तो कोणाचाही नोकरदार नसतो. कामापुरता करार करून महिन्याच्या दराने काम करणारा हा फ्रीलान्सर. त्याचा दर महिना दोन लाख रुपये असेल, तर संस्थापक एक लाख वीस हजारांची तयारी दाखवतो आणि उरलेल्या रकमेच्या बदल्यात कंपनीत एक-दोन टक्के हिस्सा देऊ करतो. संस्थापकाची नियत बहुधा साफ असते, अभियंत्यालाही त्या कल्पनेत रस वाटत असतो आणि एवढा मोठा व्यवहार एखाद्या ई-मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरील चार ओळींवर ठरून जातो. कटकट सुरू होते ती दोन-तीन वर्षांनी, पहिला मोठा गुंतवणूकदार कंपनीची कागदपत्रे तपासायला बसतो तेव्हा.

'स्टार्टअप इंडिया' योजनेची घोषणा १६ जानेवारी २०१६ रोजी झाली. २०२५ च्या प्रारंभी या योजनेखाली मान्यता मिळालेल्या नवउद्योगांची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली होती आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. २०२१ मध्ये या क्षेत्रात पैशाचा पूर आला, तर २०२२ च्या उत्तरार्धापासून तो आटू लागला. मोठ्या पगारांची नोकरकपात झाली, अनेक अभियंते स्वतंत्रपणे काम करू लागले आणि दुसरीकडे रोकड जपून वापरणाऱ्या कंपन्याही वाढल्या. साहजिकच 'थोडे रोख, थोडा हिस्सा' या सूत्राला चांगले दिवस आले. तथापि, या सूत्रातील 'हिस्सा' या शब्दामागे कायद्याने नेमके काय उभे आहे, याची विचारपूस दोन्ही बाजूंनी क्वचितच होते. ती केली तर असे दिसते की, भारतातील फ्रीलान्स अभियंत्याला देऊ केलेला हिस्सा हा बहुतेक वेळा हिस्सा नसतोच. ते एक आश्वासन असते.

'कायमस्वरूपी' या शब्दाची अडचण

नवउद्योगातील मोबदल्याचा विषय निघाला की 'ईसॉप' हा शब्द येतो. कर्मचाऱ्यांना ठरावीक किमतीत पुढे समभाग घेण्याचा हक्क देणारी ही योजना. बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इन्फोसिस असते. १९८१ मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांवर सुरू झालेल्या आणि १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांना समभाग देणाऱ्या या कंपनीने मध्यमवर्गाच्या कल्पनेत कायमचे घर केले आहे. त्यानंतरच्या पिढीसमोर फ्लिपकार्ट असते. २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा अनेक कर्मचाऱ्यांच्या हाती घसघशीत रक्कम आली. या कथा खऱ्या आहेत. मात्र त्या कर्मचाऱ्यांच्या आहेत, बाहेरून येऊन काम करून देणाऱ्यांच्या नव्हेत.

हा फरक निव्वळ शब्दांचा नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ नुसार आणि त्याखालील २०१४ च्या नियमांतील बाराव्या नियमानुसार खासगी कंपनीला ईसॉप देता येतात ते कंपनीच्या 'कायमस्वरूपी' कर्मचाऱ्यांना आणि स्वतंत्र संचालक वगळता अन्य संचालकांना. उपकंपनी वा मुख्य कंपनीतील कर्मचारीही त्यात येतात. सल्लागार, कंत्राटी तज्ज्ञ, फ्रीलान्सर यांचा त्यात समावेश नाही. 'स्वेट इक्विटी' म्हणजे कौशल्याच्या किंवा बौद्धिक संपदेच्या बदल्यात सवलतीने दिले जाणारे समभाग. नाव ऐकून ते घाम गाळणाऱ्या कोणासाठीही असावेत असे वाटते. पण कलम ५४ ने तेही संचालक आणि कर्मचारी यांच्यापुरतेच राखले आहेत. अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तेथील रोख्यांच्या नियमांत कर्मचाऱ्यांबरोबर सल्लागार व्यक्तींनाही अशा योजनेत सामावून घेण्याची तरतूद आहे. भारतीय संस्थापक सिलिकॉन व्हॅलीतील मजकूर वाचून बोलतो आणि भारतीय कायद्याखाली नोंदलेली कंपनी चालवतो, तेथे पहिली गफलत होते.

परिणामी, फ्रीलान्स अभियंत्याला 'ईसॉप देऊ' असे लिहिलेला कागद अडचणीत आणणारा ठरतो. गुंतवणूकदाराचे वकील तपासणीत तो बाजूला काढतात आणि कंपनीला दोन पर्याय उरतात. अभियंत्याला नोकरीत घ्यायचे किंवा आश्वासन मोडीत काढायचे. नोकरीत घेतले तरी समभागांवरचा हक्क सुरू होण्यापूर्वी नियमाने किमान एक वर्ष जावे लागते आणि आधी केलेल्या कामाचे वर्ष त्यात मोजले जात नाही. काही ठिकाणी तर कंपनी स्थापन झालेलीच नसते. संस्थापक मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, चालवत असतो किंवा नुसता व्यक्तिगत व्यवसाय करत असतो. तेथे समभाग ही वस्तूच अस्तित्वात नसते. 'दोन टक्के' कशाचे, हा साधा प्रश्न अशा वेळी कोणीच विचारलेला नसतो.

मग कायदेशीर वाटा कोणत्या? आहेत, पण प्रत्येकीला खर्च आहे. पहिली वाट अशी की, अभियंता गुंतवणूकदाराच्याच रांगेत उभा राहतो आणि खासगी वाटपाच्या मार्गाने त्याला समभाग दिले जातात. त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि कंपनी निबंधकांकडे वाटपाचे विवरणपत्र लागते. मोबदला रोख नसून सेवा असेल, तर त्या सेवेचा करारही विवरणपत्रासोबत जोडावा लागतो. कंपनी अगदी बाल्यावस्थेत असताना, समभागाचे वाजवी मूल्य दर्शनी मूल्याच्या जवळपास असताना अभियंत्याने खिशातून थोडी रक्कम भरून समभाग विकत घेणे ही त्यातली सर्वांत सरळ रीत. काम अर्धवट सोडल्यास ते परत देण्याची अट करारात घालता येते. ही रीत वापरली मात्र कमीच जाते, कारण त्या टप्प्यावर वकील आणि सनदी लेखापाल यांचे शुल्क कोणालाच परवडत नाही.

परिवर्तनीय कर्जरोख्याची, म्हणजे कन्व्हर्टिबल नोटची, सोय मान्यताप्राप्त नवउद्योगांना आहे. तथापि तिची किमान मर्यादा एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात २५ लाख रुपये इतकी आहे, त्यामुळे आठ-दहा लाखांची फी सोडणाऱ्या अभियंत्याला तिचा उपयोग नाही. राहता राहिली 'फँटम' समभागांची वाट. यात समभाग दिलेच जात नाहीत. कंपनी विकली गेली किंवा ठरावीक टप्पा गाठला, तर अमुक टक्क्यांच्या किमतीइतकी रोख रक्कम देऊ, एवढाच करार असतो. कायद्याच्या दृष्टीने हा साधा देणे-घेण्याचा करार असल्याने फ्रीलान्सरशीही तो करता येतो. त्याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. अभियंता भागधारक होत नाही, त्याला मताचा वा माहितीचा हक्क मिळत नाही आणि 'कंपनी विकली गेली' याची करारातील व्याख्या ढिली असेल तर पैसेही मिळत नाहीत. तरीही मोघम ई-मेलपेक्षा हा कागद शतपटीने बरा, कारण तो न्यायालयात दाखवता येतो.

गणित काय सांगते?

कायद्याची बाजू सांभाळली, असे धरून चालू. मग किती रोख आणि किती हिस्सा? येथे बहुतेकांची चूक होते ती टक्क्यांवरून घासाघीस करण्यात. टक्का हे एकक दिशाभूल करणारे आहे. आधी पाहायची ती रक्कम.

वर दिलेल्या उदाहरणात अभियंता दरमहा ८० हजार रुपये सोडतो. दहा महिन्यांच्या कामात ते आठ लाख होतात. म्हणजे त्याने त्या कंपनीत आठ लाखांची गुंतवणूक केली. कंपनीचे मूल्य त्या वेळी दहा कोटी मानले गेले असेल, तर आठ लाखांचे ०.८ टक्के होतात. पण गुंतवणूकदार जेव्हा पैसे घालतो तेव्हा त्याला अग्रहक्काचे समभाग, पैसे आधी परत मिळण्याची अट आणि हिशेब पाहण्याचा अधिकार मिळतो. अभियंत्याला यांपैकी काहीही मिळत नाही. शिवाय गुंतवणूकदाराचे पैसे वीस-तीस कंपन्यांत विखुरलेले असतात, अभियंत्याचे दहा महिने एकाच ठिकाणी अडकतात. हा जादा धोका लक्षात घेऊन त्याने दुपटीची मागणी केली आणि १.६ टक्के मिळवले, असे समजू. हा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

पुढे कंपनीने तीन वेळा भांडवल उभारले आणि प्रत्येक वेळी २० टक्के हिस्सा नव्या गुंतवणूकदारांना दिला. पहिल्यांदा अडीच कोटी, मग साडेसात कोटी, मग २० कोटी. एकूण ३० कोटी. शेवटच्या फेरीत कंपनीचे मूल्य १०० कोटी ठरले. अभियंत्याचे १.६ टक्के आता पातळ होऊन ०.८२ टक्क्यांवर आले, पण कागदावर त्यांची किंमत ८२ लाख दिसते. घरात आणि मित्रमंडळीत हाच आकडा सांगितला जातो.

त्यानंतर बाजार फिरतो आणि कंपनी ४० कोटींना विकली जाते. वृत्तपत्रांत ही 'यशस्वी विक्री' म्हणूनच छापून येईल. पण गुंतवणूकदारांच्या करारात त्यांचे ३० कोटी आधी परत करण्याची अट आहे आणि समभागांच्या प्रमाणात वाटणी घेण्यापेक्षा ती वापरणेच त्यांच्या फायद्याचे आहे. उरतात दहा कोटी. ते संस्थापक आणि इतर साध्या भागधारकांत वाटले जातात आणि अभियंत्याच्या वाट्याला येतात १६ लाख. काम केल्यापासून यात सात वर्षे गेली असतील, तर तेच आठ लाख ७ टक्के व्याजाच्या ठेवीत १२ लाख ८५ हजारांच्या घरात गेले असते. सगळे व्यवस्थित घडून, कंपनी विकली जाऊन, मोबदल्याच्या दुप्पट हिस्सा मिळवूनही सात वर्षांच्या धोक्याची कमाई सव्वातीन लाखांच्या आसपास. आणि विक्री ३० कोटींत झाली असती, तर शून्य.

याच्या उलट टोकाचे उदाहरण सर्वश्रुत आहे. २००५ मध्ये फेसबुकच्या पालो आल्टो येथील कार्यालयाच्या भिंती रंगवणारा चित्रकार डेव्हिड चो याने रोख रकमेऐवजी समभाग घेतले. २०१२ मध्ये फेसबुक शेअर बाजारात उतरताना त्या समभागांची किंमत सुमारे २० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. तो कर्मचारी नव्हता, बाहेरून काम करून देणाराच होता. म्हणून प्रत्येक संस्थापकाला हे उदाहरण सांगायला आवडते. लॉटरी लागलेल्याचे छायाचित्र दुकानाबाहेर लावतात, त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्या बाजूला बायजूज आहे. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्य सांगितल्या गेलेल्या या कंपनीवर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ज्यांनी पगाराचा काही भाग समभागांच्या रूपात मान्य केला होता, त्यांच्या हाती काय उरले हे निराळे सांगायला नको.

म्हणूनच रोख आणि हिस्सा यांचा समतोल ही निम्म्या-निम्म्याची वाटणी नव्हे. घरभाडे वा गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी, आरोग्यविमा, कर आणि काम नसलेल्या महिन्यांची तरतूद एवढे सगळे रोख रकमेतून भागले पाहिजे. नोकरदाराला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा मिळते. फ्रीलान्सरचा दर वरकरणी जास्त दिसतो तो या गोष्टी त्यालाच भरून काढाव्या लागतात म्हणून. तेव्हा 'बाजारभावापेक्षा ४० टक्के कमी' घेणारा अभियंता आपल्या नफ्यातून नव्हे, तर कित्येकदा आपल्या निवृत्तीतून कपात करत असतो. हिश्शाच्या बदल्यात सोडायची रक्कम तेवढीच असावी जी पूर्ण बुडाली तरी घरचा हिशेब हलणार नाही. कोणत्याही मध्यमवर्गीय घरात एखाद्या अपरिचित खासगी कंपनीत थेट किती पैसे घातले असते, असा प्रश्न केला की हा आकडा चटकन खाली येतो.

न मिळालेल्या पैशावर कर

आयकराची बाजू तर अनेकांना वर्षअखेरीस सनदी लेखापालाच्या कार्यालयातच कळते. सेवेच्या बदल्यात मिळालेले समभाग हे अभियंत्याचे व्यावसायिक उत्पन्न धरले जाते आणि ते त्याच वर्षी करपात्र होते. समभाग विकता येवोत वा न येवोत. खासगी कंपनीच्या नियमावलीतच समभाग हस्तांतरावर निर्बंध असल्याने ते बहुधा विकता येत नाहीत. १ जुलै २०२२ पासून अशा वस्तुरूप लाभावर, तो वर्षात २० हजारांहून अधिक असल्यास, कंपनीने १० टक्के करकपात करणेही बंधनकारक झाले. कपात करायला रोख रक्कम नसेल, तर कर आधी भरला गेल्याची खात्री करूनच लाभ द्यायचा, अशी ही तरतूद आहे.

आपल्या उदाहरणातील अभियंत्याला दहा महिन्यांत १२ लाख रुपये रोख मिळाले. अभियांत्रिकी व तांत्रिक सल्ला देणाऱ्या व्यावसायिकांना एकूण जमेच्या ५० टक्के उत्पन्न गृहीत धरण्याची सवलत आहे. ती घेतली तर त्याचे उत्पन्न सहा लाख होते आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत त्यावर कर पडत नाही. आता त्याला मिळालेल्या १.६ टक्के समभागांचे मूल्य मूल्यांककाने १६ लाख ठरवले, तर जमा २८ लाख आणि उत्पन्न १४ लाख होते. त्यावर उपकर धरून ९३ हजार रुपयांहून अधिक कर बसतो. तो भरायचा त्या १२ लाखांतून. मूल्यांकक साध्या समभागांचे मूल्य याहून कमी लावू शकतो, ही गोष्ट खरी. तथापि कर लागतो तो रोखीत, याने फरक पडत नाही. शिवाय वस्तू व सेवा कराच्या कायद्यात मोबदला पैशाच्याच रूपात असला पाहिजे असे नाही. समभागांच्या रूपातील मोबदलाही उलाढालीत धरला गेला की सेवांसाठीची २० लाखांची नोंदणीमर्यादा ओलांडली जाते आणि १८ टक्के कर आकारण्याची जबाबदारी येऊन पडते. हा कर कंपनीने वेगळा द्यायचा की ठरलेल्या रकमेतच धरायचा, हे करारात लिहिलेले नसेल तर भुर्दंड अभियंत्यालाच.

२०२० च्या अर्थसंकल्पात ईसॉपवरील कर काही वर्षे पुढे ढकलण्याची सवलत पात्र नवउद्योगांतील व्यक्तींना देण्यात आली. तीही अर्थातच कर्मचाऱ्यांसाठी. फँटम करारात मात्र हा प्रश्न तितका टोचत नाही, कारण तेथे पैसे प्रत्यक्ष मिळतील तेव्हाच कर लागण्याची व्यवस्था करारातून करता येते.

हुकमाचे पान कोणाच्या हाती?

एवढे वाचून फ्रीलान्स अभियंता हा या व्यवहारातील दुबळा गडी आहे असे वाटेल. तो तसा नाही आणि याचे कारण १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा. या कायद्यात संगणक आज्ञावली ही साहित्यकृतीच्या पंक्तीत बसवलेली आहे. नोकरदाराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क मालकाकडे जातो. फ्रीलान्सरचे तसे नाही. त्याने लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक तोच असतो आणि लेखी हस्तांतर केल्याशिवाय तो हक्क कंपनीकडे जात नाही. हस्तांतरपत्रात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते मानले जाते. ज्या कंपनीचे सर्वस्व म्हणजे तिची आज्ञावली, तिच्यासाठी ही क्षुल्लक बाब नव्हे. गुंतवणूकदार पैसे घालण्यापूर्वी हा कागद मागतोच मागतो.

संस्थापकाने पुढे केलेल्या छापील करारात 'काम निर्माण होताक्षणी सर्व हक्क कंपनीचे' असे कलम सहसा असते आणि अभियंता ते न वाचता सही करतो. वास्तविक हिश्शाच्या आश्वासनाला तारण ठेवण्यासारखी त्याच्याकडे हीच एक वस्तू असते. ठरलेले शुल्क जमा झाल्यावर आणि समभागांचे वाटप वा फँटम करार पूर्ण झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील, तोवर कंपनीला वापराचा परवाना राहील, असे कलम घालण्यात गैर काहीच नाही. प्रामाणिक संस्थापकाला ते खुपण्याचे कारण नाही. ज्याला ते खुपते, त्याच्याबाबत हिश्शाचे बोलणे तेथेच थांबवून पूर्ण रोखीवर यावे, हे उत्तम.

रोखीच्या वसुलीसाठीही कायद्याचा आधार आहे, पण तो आधी मागून ठेवावा लागतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ मध्ये सेवा देणारा एकटा व्यावसायिकही सूक्ष्म उद्योग म्हणून बसतो. उद्यम संकेतस्थळावर त्याची नोंदणी विनाशुल्क होते. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावे लागते. न चुकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेल्या अशा देण्याची वजावट खरेदीदाराला आयकरात त्या वर्षी मिळेनाशी झाली, तेव्हा या कायद्याला खरे दात आले. नोंदणी मात्र काम सुरू होण्यापूर्वीची हवी. वाद झाल्यावर धावतपळत केलेली नोंदणी मागच्या देण्याला उपयोगी पडत नाही.

दिवाळखोरी संहितेचा धाक मात्र फ्रीलान्सरच्या हाती राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर नेण्यात आली, त्यामुळे आठ-दहा लाखांच्या थकबाकीसाठी कंपनीला न्यायाधिकरणात खेचणे शक्य नाही. तरीही त्या संहितेतील देण्यांची उतरंड पाहण्याजोगी आहे. कंपनी बुडाल्यावर पैसे वाटताना साधे भागधारक अगदी शेवटच्या पायरीवर असतात. न मिळालेल्या फीचा धनको त्यांच्या वर, अग्रहक्काच्या भागधारकांच्याही वर असतो. म्हणजे थकलेले आठ लाख रुपये कागदोपत्री थकलेले म्हणून ठेवणे, हे त्याच आठ लाखांचे समभाग घेण्यापेक्षा वाईट दिवसांत अधिक सुरक्षित. यावरून काही अनुभवी मंडळी हिस्सा न मागता पुढे ढकललेली फी मागतात. अमुक रकमेचे भांडवल उभे राहिल्यावर राहिलेली रक्कम दीडपट द्यायची, असा करार. त्यात फेसबुकच्या भिंतींची गंमत नाही. पण कंपनीला पहिली मोठी गुंतवणूक मिळताच पैसे हातात येतात, सात वर्षे थांबावे लागत नाही.

संस्थापकांची बाजूही ऐकायला हवी. सहा महिन्यांची रोकड असताना पूर्ण बाजारभाव मोजला, तर उत्पादन तयार होण्याआधीच दुकान बंद होते. आणि हिस्सा घेणारा माणूस रात्री सर्व्हर बंद पडला तर उठून बसतो, निव्वळ दरावर काम करणारा बहुधा बसत नाही, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. पण मग त्या माणसाला सहा-आठ महिन्यांच्या कामासाठी चार वर्षांच्या मुदतीचे, पहिले वर्ष पुरे झाल्याशिवाय काहीच न देणारे वेळापत्रक लावण्यात अर्थ नाही. ही पद्धत कर्मचाऱ्यांसाठी आखलेली आहे. कामाच्या टप्प्यांनुसार किंवा महिन्याच्या हिशेबाने हक्क पक्का होत जाणे हेच कंत्राटी कामाशी सुसंगत आहे. संस्थापकांपैकी जे दुसऱ्यांदा कंपनी काढत आहेत, त्यांना हे पटवावे लागत नाही.

या साऱ्या गुंत्याचे मूळ ज्या शब्दात आहे, तो बदलणे सरकारला अशक्य नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी 'सेबी'ने २०२१ च्या नियमावलीत 'कायमस्वरूपी' ही अट काढून टाकली आणि केवळ त्या कंपनीसाठीच काम करणारा, कंपनीने कर्मचारी म्हणून निश्चित केलेला माणूस, अशी व्याख्या केली. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी काम करणारा फ्रीलान्सर त्यातही बसत नाही, पण दार किलकिले झाले. ज्या कंपन्यांना बाहेरच्या माणसांची गरज सर्वाधिक असते, त्या बिगरनोंदणीकृत नवउद्योगांना लागू होणाऱ्या कंपनी कायद्याच्या २०१४ च्या नियमांत मात्र 'कायमस्वरूपी' हाच शब्द ठेवण्यात आला. त्याच नियमांत प्रवर्तकांना आणि दहा टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्या संचालकांना ईसॉप घेण्यास मनाई आहे. नवउद्योगांच्या प्रवर्तकांसाठी ती २०१६ मध्ये पाच वर्षांपुरती शिथिल करण्यात आली आणि पुढे ही सवलत दहा वर्षांपर्यंत वाढवली गेली. ज्यांच्याकडे आधीच हिस्सा आहे, त्यांच्यासाठी नियम दोनदा वाकला.